चेक धुवून दुसऱ्याच्या नावावर वटवला: आमची बँक दुसऱ्या बँकेच्या उत्तराची वाट का पाहत आहे?

खजिनदार_एडिसन

नमस्कार. मी न्यू जर्सीतील एका लहान मराठी मंडळाचा खजिनदार आहे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या सभागृहाचे भाडे म्हणून मी ८५० डॉलरचा चेक लिहिला आणि रस्त्याच्या कडेच्या निळ्या टपालपेटीत टाकला. बऱ्याच आठवड्यांनी सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला की चेक मिळालेला नाही. खाते उघडून पाहिले, तेव्हा त्याच क्रमांकाचा चेक ८,५०० डॉलरला वटलेला दिसला. प्रतिमेत सही माझीच आहे, तारीखही मीच घातलेली आहे, परंतु सभागृहाच्या नावाच्या जागी एका अनोळखी माणसाचे नाव आहे आणि रक्कम अंकांत व अक्षरांत बदललेली आहे. रसायनाने शाई धुवून काढली असावी, असे बँकेतील बाई म्हणाल्या.

बँकेने प्रतिज्ञापत्र भरून घेतले आणि सांगितले की ज्या बँकेत हा चेक जमा झाला तिच्याकडे हमीभंगाचा दावा पाठवला आहे, तिचे उत्तर येईपर्यंत पैसे परत मिळणार नाहीत आणि त्याला तीन महिनेही लागू शकतात. मंडळाच्या खात्यात आता गणेशोत्सवाच्या आगाऊ रकमांपुरतेही पैसे उरलेले नाहीत. ही हमी नेमकी कोणी कोणाला दिलेली असते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत आम्ही का थांबायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

उलटटपाली

एक गोष्ट आधी पक्की करावी. चेकवरची सही खरोखर आपलीच आहे, की आपल्या सहीची हुबेहूब नक्कल केलेला नवाच चेक छापलेला आहे? कायद्याच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या घटना आहेत आणि नुकसान कोणत्या बँकेच्या अंगावर पडते, ते मुख्यतः यावरच ठरते.

पैलतीर

उलटटपाली यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. मी अनेक वर्षे एका बँकेच्या चेक-दाव्यांच्या विभागात काम करतो. मी वकील नाही, परंतु हे नियम रोज हाताळतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेत चेकचा कायदा राज्यांचा आहे. बहुतेक राज्यांनी युनिफॉर्म कमर्शियल कोड, म्हणजे यूसीसी, या नमुना कायद्याची तिसरी आणि चौथी प्रकरणे १९९० च्या सुधारित रूपात स्वीकारलेली आहेत. न्यू जर्सी त्यांपैकीच एक आहे. शेजारच्या न्यूयॉर्कने मात्र ही सुधारित आवृत्ती दीर्घकाळ स्वीकारली नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये खाते असलेल्यांनी कलमांचे क्रमांक जसेच्या तसे लावू नयेत.

चेक जमा होतो तेव्हा तो हातोहात पुढे जातो. ठेवीदाराकडून जमा घेणाऱ्या बँकेकडे, तिथून कदाचित फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे, किंवा मधल्या एखाद्या बँकेकडे, आणि शेवटी ज्या बँकेवर तो काढलेला आहे तिच्याकडे. या प्रवासात देणारा घेणाऱ्याला काही गोष्टींची हमी देत जातो. ती कुठे लिहून द्यावी लागत नाही. चेक पुढे करून त्याचा मोबदला घेतला की कायद्यानेच ती दिली गेली असे धरले जाते, मग पाठीमागे सही केलेली असो वा नसो. चेकच्या बाबतीत ही हमी नाकारण्याची मुभाही नाही. म्हणजे पाठीमागे ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असे लिहून सही केली, तरी या हमीतून सुटका होत नाही.

या हमीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिली हस्तांतरणाची हमी. ठेवीदार आणि मधल्या बँका ती आपल्यापुढच्या बँकांना देतात, आणि ती बरीच रुंद आहे. या चेकचे पैसे मागण्याचा हक्क मला आहे, त्यावरच्या सर्व सह्या खऱ्या व अधिकृत आहेत, त्यात फेरफार झालेला नाही, पैसे नाकारण्यासाठी माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार उभी राहणार नाही, आणि ज्याने पैसे द्यायचे त्याच्या दिवाळखोरीची कारवाई माझ्या माहितीत नाही, असे त्यात अभिप्रेत असते.

दुसरी सादरीकरणाची हमी. ही पैसे चुकवणाऱ्या बँकेला, म्हणजे आपल्या बाबतीत मंडळाच्या बँकेला मिळते, आणि ती मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे. हक्काची हमी आणि फेरफार नसल्याची हमी तीत आहे. परंतु चेक काढणाऱ्याच्या सहीबद्दल मात्र ‘ती बनावट असल्याचे मला ठाऊक नाही’ एवढेच आश्वासन आहे. ती खरी आहे, अशी हमी नाही.

याचे मूळ १७६२ सालच्या प्राइस विरुद्ध नील या इंग्लंडमधील खटल्यात आहे. त्यात प्राइसने प्रत्येकी चाळीस पौंडांच्या दोन हुंड्यांचे पैसे चुकते केले होते, आणि नंतर कळले की त्या काढणाऱ्याची सहीच बनावट होती. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निर्णय दिला की ज्याच्यावर हुंडी काढलेली आहे त्याने काढणाऱ्याची सही ओळखायला हवी होती, आणि नीलने प्रामाणिकपणे हुंडी घेतली असल्यामुळे त्याच्याकडून पैसे परत मागता येणार नाहीत. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, आज बँका छोट्या रकमेच्या चेकवरची सही सहसा डोळ्यांनी तपासत नाहीत, तरीही तोच नियम चालू आहे.

तेव्हा ढोबळ चित्र असे की काढणाऱ्याची सही बनावट असेल तर नुकसान पैसे चुकवणाऱ्या बँकेचे, आणि चेक खरा असून त्यात फेरफार झाला असेल किंवा पाठीमागचे पृष्ठांकन, म्हणजे हक्कदाराने चेक जमा करताना किंवा पुढे देताना केलेली सही, बनावट असेल तर नुकसान मागे सरकत जमा घेणाऱ्या बँकेकडे जाते, कारण त्या माणसाला समोर पाहून त्याचे खाते उघडण्याची संधी तिलाच होती. आपल्या चेकवरची सही खरी आहे आणि नाव-रक्कम बदललेली आहे, म्हणून आपल्या बँकेने हमीभंगाचा दावा लावला हे बरोबरच केले.

परंतु आता मुख्य मुद्दा. हा दावा त्या दोन बँकांमधला आहे. सादरीकरणाची हमी आपल्याला दिलेली नाही, आणि आपला हक्क तिच्यावर अवलंबूनही नाही. आपला हक्क आपल्या बँकेविरुद्ध आहे आणि तो कलम ४-४०१ मधून येतो. आपण दिलेल्या आदेशाप्रमाणे योग्य रीतीने देय असलेला चेकच बँक खात्यातून वळता करू शकते. आपण सभागृहाला ८५० डॉलर देण्यास सांगितले होते, अनोळखी माणसाला ८,५०० देण्यास सांगितले नव्हते. नुसती रक्कम फुगवलेली असती आणि चेक खऱ्या हक्कदाराकडूनच आला असता, तर बँकेला मूळ ८५० वळते करता आले असते. इथे नावच बदललेले असल्याने पैसे हक्कदाराला पोहोचलेलेच नाहीत. म्हणून संपूर्ण रक्कम परत मिळायला हवी, आणि दुसऱ्या बँकेने दावा मान्य केला की नाकारला हा आपल्या बँकेचा प्रश्न आहे. ग्राहकाला तिकडचे उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. माझ्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटते, परंतु त्या पद्धतीला यूसीसीचा आधार नाही.

खजिनदार_एडिसन

आपले मनापासून आभार. हे मला कोणीच सांगितले नव्हते. दोन शंका आहेत. एक, चेक टपालपेटीत टाकला हा आमचा निष्काळजीपणा धरला जाईल का? दोन, खात्याचा मासिक तपशील मी पाच आठवड्यांनी पाहिला, कारण त्याच काळात खजिनदारपद माझ्याकडे आले होते. त्याचा परिणाम काय होईल?

पैलतीर

पहिल्या शंकेबद्दल. कलम ३-४०६ प्रमाणे ज्याच्या निष्काळजीपणामुळे फेरफाराला ठोस हातभार लागला त्याला तक्रार करता येत नाही. मात्र बँकेनेही चेक घेताना वाजवी काळजी घेतली नसेल तर नुकसान दोघांत वाटले जाते. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे रकमेच्या आधी मोकळी जागा सोडून चेक लिहिणे. व्यवस्थित भरलेला चेक सरकारी टपालपेटीत टाकणे हा निष्काळजीपणा ठरवणे फार अवघड आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. कलम ४-४०६ प्रमाणे तपशील मिळाल्यावर तो वाजवी तत्परतेने पाहून बनावट सही किंवा फेरफार कळवण्याचे कर्तव्य ग्राहकावर आहे. उशीर झाला म्हणून हक्क आपोआप बुडत नाही. त्या उशिरामुळे आपले नुकसान झाले हे बँकेला दाखवावे लागते. मात्र त्याच भामट्याने नंतर आणखी चेक वटवले असतील तर तपशील मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत कळवले होते का, ही कसोटी लागते, आणि तपशील मिळून एक वर्ष उलटले की या दोन्ही कारणांचा हक्क संपूर्ण बुडतो, मग बँकेने काळजी घेतली असो वा नसो. यापेक्षा लहान मुदती अनेक बँका खाते उघडतानाच्या करारात घालतात. तो करार काढून आजच वाचावा.

उलटटपाली

माझी शंका अजून मिटलेली नाही. आज मूळ कागद कोणी पाहतच नाही. जमा घेणारी बँक त्याची प्रतिमा पुढे पाठवते आणि कागद काही दिवसांत नष्ट होतो. मग चेक धुतलेला होता, की मूळ चेकवरून संगणकावर नवा छापून त्यावर सहीची नक्कल केली होती, हे प्रतिमेवरून कसे ठरवणार? पहिल्या घटनेत नुकसान जमा घेणाऱ्या बँकेचे, दुसरीत चुकवणाऱ्या बँकेचे. दोन्ही बँका एकमेकींकडे बोट दाखवतील.

पैलतीर

नेमके हेच घडले होते. २००६ साली सातव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयापुढे वाकोव्हिया बँक विरुद्ध फॉस्टर बँकशेअर्स हा खटला आला. सुमारे १ लाख ३३ हजार डॉलरच्या चेकवर मूळ नावाच्या जागी दुसऱ्या बाईचे नाव आले होते आणि मूळ कागद नष्ट झाला होता. न्यायाधीश रिचर्ड पॉझनर यांनी असे धरले की पुरावा नसेल तेव्हा फेरफार झाला असे मानणे रास्त आहे, आणि नुकसान जमा घेणाऱ्या फॉस्टर बँकेकडे गेले. त्याच वर्षी चौथ्या परिमंडळाच्या न्यायालयाने अशाच वादात उलट दिशेचा निकाल दिला. मग फेडरल रिझर्व्हने रेग्युलेशन सीसी या नियमावलीत बदल केला. १ जानेवारी २०१९ पासून, मूळ कागद तपासणीसाठी उपलब्ध नसेल आणि वाद फेरफार की बनावट असा असेल, तर फेरफार झाला असे गृहीत धरले जाते. विरुद्ध पुरावा देऊन हे गृहीतक खोडता येते, पण तो भार जमा घेणाऱ्या बँकेवर असतो.

आपल्या बँकेचा दावा या गृहीतकामुळे भक्कम आहे. थोडक्यात, तिला तिकडून पैसे मिळण्याची चांगली शक्यता असतानाही ती मंडळाला थांबवत आहे.

सोनचाफा

मी याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी मी माझी जुनी गाडी ३,२०० डॉलरला विकली. घेणाऱ्याने जो चेक दिला तो एका तिसऱ्याच माणसाच्या नावे होता. ‘त्या माणसाने पाठीमागे सही करून तो मला दिला आहे,’ असे गाडी घेणाऱ्याने सांगितले. मी त्याखाली सही करून चेक जमा केला, पैसे आले, ते खर्चही झाले. सात महिन्यांनी बँकेने ३,२०० डॉलर खात्यातून परत काढून घेतले, कारण ती पाठीमागची सही बनावट निघाली. मी तर पूर्ण प्रामाणिक होते. चेक वटून इतके महिने झाल्यावर तो ‘परत’ कसा येऊ शकतो?

पैलतीर

सोनचाफाताई, आपल्यासोबत जे झाले ते चेक परत येणे नव्हे, आणि हा फरक बहुतेक लोकांना माहीत नसतो.

चेक जमा केल्यावर जी रक्कम खात्यात दिसते ती तात्पुरती असते. रेग्युलेशन सीसी बँकेला काही रक्कम लवकर उपलब्ध करून द्यायला लावते. जुलै २०२५ पासून साधारण चेकच्या बाबतीत पहिले २७५ डॉलर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, त्याआधी हा आकडा २२५ होता. परंतु पैसे काढता आले याचा अर्थ चेक वटला असा होत नाही. ज्या बँकेवर चेक आहे तिला तो न वटवता परत पाठवायचा असेल, तर मिळाल्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीच्या आत निर्णय घ्यावा लागतो. ती मुदत टळली की चेक अंतिम वटला. त्यानंतर आपली बँक तो ‘परत आला’ म्हणून रक्कम काढू शकत नाही.

हमीचा दावा मात्र त्यानंतरच सुरू होतो. आपण चेक जमा केला तेव्हा हक्काची आणि सर्व सह्या खऱ्या असल्याची हमी दिलीत. त्या हमीत प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही. सही बनावट असेल तर हमी मोडली, आपल्याला ठाऊक असो वा नसो. दावा लावण्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, आणि बनावट पृष्ठांकनाला वर सांगितलेली एक वर्षाची अटही लागू नाही, कारण चेक काढणाऱ्याने पाठीमागची अनोळखी सही ओळखावी अशी अपेक्षा नसते.

तरीही दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत. हमी मोडल्याचे आणि ती कोणी मोडली याचे ज्ञान झाल्यापासून तीस दिवसांत दावेदाराने सूचना द्यायला हवी. ती उशिरा दिली तर त्या उशिराने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरते आपण मोकळ्या होता. म्हणून ज्या बँकेवर तो चेक काढलेला होता त्या पहिल्या बँकेने कोणत्या तारखेला दावा केला, ते लेखी मागावे. दुसरे, ज्याने आपल्याला हा चेक देऊन गाडी नेली त्यानेही आपल्याला तीच हमी दिलेली आहे. गाडीच्या कागदांवर त्याचे नाव व पत्ता असेल, आणि ३,२०० डॉलरचा दावा न्यू जर्सीच्या लघुवाद न्यायालयाच्या मर्यादेत बसतो. वकिलाशिवायही तो लावता येतो.

जुना_क्लिअरिंग

मी पुण्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या क्लिअरिंग विभागातून निवृत्त झालो. मुलगा पेनसिल्व्हेनियात असतो, म्हणून हा धागा वाचला. आपल्याकडची रचना किती निराळी आहे हे पाहून राहवले नाही.

भारतात पराक्राम्य लेख अधिनियम, १८८१ मध्ये अशी हमींची साखळी नाही. आपला कायदा संरक्षणाच्या भाषेत बोलतो. कलम ८५ प्रमाणे आदेशावर देय असलेल्या चेकवर हक्कदाराचे पृष्ठांकन झालेले दिसत असेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर ती मोकळी होते. मग ते पृष्ठांकन बनावट निघाले तरीही. अमेरिकेत याच ठिकाणी चुकवणारी बँक मोकळी होत नाही. तसेच कलम १३१ प्रमाणे वसुली करणाऱ्या बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता रेखांकित (क्रॉस केलेला) चेक वसूल केला असेल, तर खऱ्या मालकाला ती जबाबदार नसते. म्हणून आपल्याकडच्या वादात पहिला प्रश्न ‘खाते उघडताना ओळख नीट तपासली होती का’ हा असतो. तिकडे काळजी घेतली की नाही हे बहुतांशी दुय्यम राहते आणि हमी मोडली की पैसे भरावे लागतात. काढणाऱ्याची सही बनावट असेल तर मात्र दोन्हीकडे भार चुकवणाऱ्या बँकेवरच येतो.

फेरफाराबाबत आपल्याकडे वेगळ्या वाटेने बंदोबस्त केला गेला. चेक ट्रंकेशनमध्ये, म्हणजे कागदाऐवजी प्रतिमा पाठवून चेक वटवण्याच्या पद्धतीत, तारखेखेरीज कुठेही खाडाखोड केलेला चेक स्वीकारला जात नाही, आणि १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार रुपये व त्यापुढील चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय आहे. ग्राहकाने आधी कळवलेला तपशील आणि आलेला चेक जुळवून पाहिला जातो. मी विभागात असताना फुगवलेल्या रकमांचे जे चेक पाहिले, त्यांतले बरेच या एका पडताळणीने अडले असते असे मला खात्रीने वाटते.

पैलतीर

अमेरिकेतही व्यावसायिक खात्यांना पॉझिटिव्ह पे मिळते, परंतु मंडळाने घेताना रकमेसोबत नावही जुळवले जाते का, हे विचारून घ्यावे. नुसता क्रमांक आणि रक्कम जुळवणारी सेवा असेल आणि भामट्याने फक्त नाव बदलले, तर ती त्याला अडवणार नाही. टपालातून चोरलेल्या चेकबद्दल अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकांना इशारा दिला होता. २०२१ मध्ये चेक-फसवणुकीचे साडेतीन लाखांहून अधिक अहवाल आले होते आणि २०२२ मध्ये ती संख्या ६ लाख ८० हजारांच्या वर गेली, असे त्यात नमूद आहे.

वहीतले_पान

एक जोडप्रश्न. मंडळाला देणगीचे चेक येतात. ते मी फोनवरून छायाचित्र काढून जमा करते. तोच कागद चुकून दुसऱ्या कोणी शाखेत नेऊन भरला तर काय होईल?

पैलतीर

पैसे दोनदा वसूल झाले तर दुसऱ्या खेपेचे नुकसान साधारणपणे फोनवरून जमा घेणाऱ्या बँकेवर टाकता येते. रेग्युलेशन सीसीत जुलै २०१८ पासून तशी भरपाईची तरतूद आहे, कारण मूळ कागद लोकांच्या हाती मोकळा ठेवण्याचा धोका तिने पत्करलेला असतो. परंतु चेकच्या पाठीमागे ‘फक्त मोबाइल जमेसाठी’ आणि बँकेचे नाव असे लिहिलेले असेल, आणि तरीही दुसऱ्या बँकेने तो कागद घेतला, तर तिला ही भरपाई मागता येत नाही. म्हणून तो शब्द न विसरता लिहावा आणि रक्कम पक्की झाल्यावर कागद फाडून टाकावा. पैसे दोनदा आले तर बँक आपल्याकडून वसुली करायला येईलच, कारण हमी आणि खात्याचा करार दोन्ही आपल्यावर आहेत.

खजिनदार_एडिसन

कळवण्यास आनंद वाटतो की पैसे मिळाले. पैलतीर यांच्या सल्ल्याप्रमाणे मी बँकेला एका पानाचे पत्र दिले. त्यात चेक योग्य रीतीने देय नव्हता, तपशील पाहताच आम्ही कळवले, पाच आठवड्यांत दुसरा कोणताही चेक वटलेला नाही, आणि जमा घेणाऱ्या बँकेविरुद्धचा हमीचा दावा हा आमच्या हक्काची पूर्वअट नाही, एवढेच लिहिले. सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत आणि राज्याच्या बँकिंग विभागाकडे व संघीय नियामकाकडे तक्रार करण्याचा इरादा नोंदवला. नवव्या दिवशी पूर्ण ८,५०० डॉलर खात्यात आले. आता दुसऱ्या बँकेशी त्यांचे काय चालले आहे, ते आम्हाला कळलेले नाही.

सभागृहाचे ८५० डॉलर आम्हाला अर्थातच पुन्हा द्यावे लागले, कारण चेक त्यांच्या हाती कधी पडलाच नव्हता आणि देणे तसेच उभे होते. या वेळी मी बँकेतून थेट त्यांच्या खात्यात रक्कम पाठवली. जुन्या खात्याचा क्रमांक त्या भामट्याच्या हाती असल्याने ते खाते बंद करून नवे उघडले आहे, आणि दर सोमवारी वटलेल्या चेकच्या प्रतिमा पाहण्याचे काम कार्यकारिणीतील दोन जणांनी वाटून घेतले आहे.

सोनचाफा

मी बँकेकडून दाव्याची तारीख मिळवली. पहिल्या बँकेला बनावट सहीचे कळले त्यानंतर तिने सत्तावन्न दिवसांनी सूचना दिली होती. मधल्या काळात गाडी घेणारा माणूस पत्ता सोडून गेला. उशिरामुळे माझे जे नुकसान झाले ते याच सत्तावन्न दिवसांतले आहे, असे मी बँकेला लेखी कळवले आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.